सह्याद्रीचा टी-शर्ट

आज भाचीबरोबर एफसी रोडला गेले होते. एका टपरीवर काळा टी-शर्ट लटकत होता, त्यावर पांढऱ्या खालीवर होणाऱ्या रेघा, एकाखाली एक. दुकानदार म्हणाला, "ताई, सह्याद्री आहे. ट्रेकवाली पोरं हाच नेतात."

हसू आवरेना. हे जॉय डिव्हिजन या इंग्लिश बँडच्या १९७९ च्या अल्बमचं कव्हर. आणि डोंगर कसले, तो एका पल्सारचा, म्हणजे ठरावीक वेळाने रेडिओ लहरींचे ठोके पाठवणाऱ्या ताऱ्याचा, आलेख आहे! हॅरॉल्ड क्राफ्ट या विद्यार्थ्याच्या १९७० च्या पीएचडी प्रबंधातला. एक रेघ म्हणजे ताऱ्याचं एक स्पंदन, अशा ८० रेघा. मूळ चित्र पांढऱ्या कागदावर काळं, कव्हरवर उलटं केलं.

हा सापडलेला पहिलाच पल्सार. १९६७ साली जोसेलिन बेल या विद्यार्थिनीने हेरला, १९७४ चं नोबेल मात्र तिच्या मार्गदर्शकाला. (हे मला दरवेळी टोचतं.)

नंतर अमृततुल्यात भाचीला या ताऱ्याचा ठेका टेबलावर ठोकून दाखवला. टक्... टक्... दर १.३४ सेकंदांनी एक, मिनिटाला जेमतेम ४५.
"मावशी, हा तर विलंबित!"
असलेच पल्सार आपल्या नारायणगावजवळ, खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेनाही ऐकतात. पुढच्या सुट्टीत तिकडे न्यायचं कबूल केलंय.

टी-शर्ट अर्थातच घेतला. तारा आहे म्हटल्यावर दुकानदार म्हणाला, "मग तर अडीचशेच्या खाली नाहीच."