पगार विचारण्याआधी गाडी उघडून बघा

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू आहे. नागपुरात या दिवसांत पारा ४५ च्या आसपास असतो आणि ईएमटीचा (इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन, म्हणजे ॲम्ब्युलन्समध्ये पेशंट सांभाळणारा) कोर्स संपवलेली पोरंपोरी फाइल घेऊन याच उन्हात नोकरी शोधत फिरतात. आजची नोंद त्यांच्यासाठी.

बहुतेकांच्या डोक्यात १०८ ची सरकारी ॲम्ब्युलन्स असते. पण महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झालेल्या या सेवेत गाडीवर डॉक्टर असतो, सहसा बीएएमएस किंवा बीएचएमएस. त्यामुळे ईएमटीने इतर दारंही ठोठवावीत: धंतोली-रामदासपेठेतल्या खाजगी हॉस्पिटलांची कॅज्युअल्टी, खाजगी कार्डियाक ॲम्ब्युलन्स, बुटीबोरीचे कारखाने, कोळसा खाणींचे दवाखाने. जामठ्याच्या स्टेडियमवर क्रिकेट मॅच असली की स्टँडबायचं कामही निघतं, पण त्यावर घर चालत नाही.

खाजगी गाडीवरचं खरं काम अपघाताचं कमी आणि रेफर पेशंटचं, म्हणजे लहान गावातून मोठ्या हॉस्पिटलला पाठवलेल्यांचं, जास्त. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, तिकडून छिंदवाडा, बालाघाट. सगळे नागपूरकडे येतात. म्हणून मुलाखतीत मी ऑक्सिजनचं गणित आधी विचारेन. बी टाइप, म्हणजे उचलून नेता येणाऱ्या लहान सिलिंडरची पाण्याची क्षमता साधारण १० लिटर. गेजवर, म्हणजे दाबाच्या तबकडीवर, काटा जितक्या किलोवर, त्याला १० ने गुणलं की उरलेले लिटर निघतात. भरलेलं असेल तर १५० किलो, म्हणजे १५०० लिटर. काटा ८० वर असेल तर ८०० लिटर. त्यातले २०० राखीव धरायचे, उरले ६००. पेशंट मिनिटाला १० लिटरवर असेल तर हा साठा एक तासाचा. गडचिरोलीहून नागपूर साधारण १७० किलोमीटर, चार तास धरा. १० लिटरने २४०० लिटर लागतात. म्हणजे भरलेलं एक बी टाइपही पुरत नाही. गाडीत डी टाइप हवं, साधारण ७००० लिटरचं, आणि लिफ्टमधून पेशंट आणायला बी टाइप वेगळं. फ्लो कमी करून पेशंट "ॲडजस्ट" करणारे लोक भेटतात. त्यांचं ऐकू नका. नॉन-रीब्रीदर मास्कला, म्हणजे खाली पिशवी असलेल्या ऑक्सिजन मास्कला, १० ते १५ लिटर लागतातच. श्वास घेताना मास्कची पिशवी पूर्ण चिपकली तर फ्लो कमी पडतोय असं समजायचं.

ड्युटी लागली की पहिली दहा मिनिटं गाडीची. सिलिंडर उघडा, काटा बघून ठेवा, व्हॉल्व्ह बंद करा, फ्लोमीटरही बंदच असू द्या. पाच मिनिटांत काटा खाली आला तर कुठेतरी लीक आहे. बहुतेकदा रेग्युलेटरचं वॉशर झिजलेलं किंवा गायब असतं. चावी दोरीने सिलिंडरलाच बांधा, कारण ऐन वेळी तीच सापडत नाही. जोडणी घट्ट बसत नाही म्हणून तेल किंवा ग्रीस लावायचं नाही. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ते पेट घेतं. सक्शन मशीन (पेशंटच्या घशातली घाण ओढून काढणारं) चालू करून नळी चिमटीत दाबा. चार सेकंदांत काटा ३०० मिलिमीटरपर्यंत गेला पाहिजे. नाही गेला तर आधी बरणीचं झाकण बघा. ते नीट बसलेलं नसणं हे नेहमीचं कारण.

उन्हाळ्यात आणखी एक जागा तपासायची: ग्लुकोमीटरच्या स्ट्रिप्स. त्या साधारण ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात आणि उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड त्याच्या कितीतरी वर जातो. तिथे पडून राहिलेल्या स्ट्रिपवरची शुगर भरवशाची नाही. याच दिवसांत रस्त्याकडेला पडलेल्या माणसाला लोक "पिऊन पडला" म्हणून सोडून देतात, ते मनाला फार लागतं. भान हरपलं आहे आणि अंग भट्टीसारखं तापलंय, तर शुगर बघा आणि गुदद्वारातून तापमान घ्या. काखेतला आकडा फसवतो. ४० च्या वर असेल तर उष्माघात समजून तिथेच थंड करायला लागा: कपडे सैल करा, अंगावर पाणी मारा, वारा घाला, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवा. हॉस्पिटलपर्यंत वाट बघत बसायचं नाही, गाडीतही हे चालूच ठेवायचं. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही, आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही.

आता कागद. ओरिजनल सर्टिफिकेट कुणाकडे जमा करू नका, झेरॉक्स द्या. हिपॅटायटिस बीचे तीन डोस रुजू होण्याआधीच सुरू करा. ०, १ आणि ६ महिने असं वेळापत्रक आहे, त्यामुळे नोकरी लागल्यावर धावपळ करून ते जमत नाही. मुलाखतीत तुम्हीही विचारा. पेशंटला वापरलेली सुई टोचली तर एचआयव्ही टाळायचं औषध कुठे मिळेल? ते ७२ तासांच्या आत, खरं तर दोन तासांतच सुरू व्हायला हवं आणि २८ दिवस चालतं. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटसोबत डॉक्टर येणार की तुम्ही एकटेच? "तुम्हीच सांभाळा" असं उत्तर आलं तर पगार कितीही असो, हो म्हणू नका.

मग गाडी दाखवा म्हणावं. टाळाटाळ झाली तर दुसरीकडे बघा. दाखवली तर काटा बघा, सक्शन चालवून बघा, औषधांच्या डब्यातली एक्स्पायरी वाचा. आणि परतीच्या फेरीआधी सिलिंडर नागपुरातच बदलतात का, तेही पायलटदादांना, म्हणजे ड्रायव्हरला, विचारून घ्या. बदलत नसतील, तर रात्री गावाकडून दुसरा पेशंट उचलताना ती गाडी अर्ध्या काट्यावर असणार.