नाही, पुरामुळे नाही

“पुराचं अजून मनातून गेलं नाही का गं?” मार्केट यार्डातल्या मैत्रिणी विचारतात, सासरचे विचारतात. मी मानसोपचारांसाठी मिरजेला जाते हे सगळ्यांना कळलंय. २०१९ ला गावभागातलं आमचं घर बुडालं हेही माहीत आहे, तेव्हा दोन्हींची सांगड लोकांनीच घातली. मी इतकी वर्षं मान डोलावली, कारण सांगलीत पुराचं दुःख सांगायला लाज वाटत नाही. तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून सांगते, पुरामुळे नाही.

सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. भयंकर होतं. पण पाणी किती चढलं हे तासातासाला कळत होतं, आणि “तू काहीतरी केलं असशील म्हणून पाणी आलं” असं कुणी मला म्हणालं नाही.

माझ्या लहानपणी वडिलांचा हात कसा चालायचा, ते माहेरच्या सगळ्यांना ठाऊक आहे. ते इथे उगाळत नाही. पुराच्या दिवसांतलं मात्र सांगायला हवं.

घर पाण्याखाली, म्हणून आम्ही मिरजेला माहेरी राहायला गेलो. वडील सत्तरी ओलांडलेले, गुडघे धरलेले, नातीला शेजारी बसवून बातम्या बघणारे. एका संध्याकाळी लाइट गेली होती आणि मी पोळ्या करत होते. बाहेरच्या खोलीत त्यांनी घसा खाकरला आणि तांब्या जोरात फरशीवर टेकवला. एवढंच. पुढचं मला सलग आठवत नाही. मी न्हाणीघरात होते, आतून कडी लावलेली, मुलीला पोटाशी घट्ट धरलेलं आणि तिच्या तोंडावर माझा हात. तव्यावरच्या पोळीचा जळका वास येत होता. ती धडपडून सुटली आणि म्हणाली, “आई, आजोबांना फक्त पाणी हवं होतं.”

भीती ओसरायच्या आत लाज आली. आपल्यातच काहीतरी सडकं आहे, आपल्यामुळेच घराची शांती जाते, ही ती जुनी लाज. दाराबाहेरून आई हळू आवाजात म्हणाली, “ते आता तसे राहिले नाहीत गं.” खरंच होतं तिचं. पण म्हणजे तेव्हा तसे होते, हे तिलाही ठाऊक होतं. आयुष्यात पहिल्यांदा ती ते बोलली, आणि तेही त्यांची बाजू घेताना. त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही.

त्याआधी मी डिप्रेशनच्या गोळ्या घेतल्या होत्या, झोपेच्याही घेतल्या होत्या. नंतरच्या डॉक्टरांनी पुराबद्दल ऐकून घेतलं आणि मग विचारलं, “लहानपणी घरी कुणाची भीती वाटायची?” कॉम्प्लेक्स पीटीएसडी हे नाव तिथे ऐकलं. पीटीएसडी म्हणजे मोठ्या आघातानंतर मनाला जडणारा आजार, आणि हा त्याचा गुंतागुंतीचा प्रकार. हे मी मोबाईलवर शोधून काढलेलं खूळ नाही. जुडिथ हर्मन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९९२ मध्येच ते मांडलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या यादीत तो स्वतंत्र आजार आहे, आणि ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या यादीत अजून वेगळा धरत नाहीत, हेही खरं. साध्या पीटीएसडीत घडलेलं पुन्हा आत्ता घडतंय असं वाटतं, आठवण येईल ते सगळं माणूस टाळतो आणि सतत सावध राहतो. सुटका नसलेल्या जागी वर्षानुवर्षं त्रास झाला, की त्यावर आणखी थर चढू शकतो: भावना आवरत नाहीत, आपण कवडीमोल वाटतो, जवळच्या माणसावरही विश्वास बसत नाही.

“आमच्याही बापानं मारलं, आम्ही नाही डॉक्टरकडे गेलो.” हे चुलतभाऊ म्हणतो. त्याच्याआधी कैक वर्षं मीच ते स्वतःला ऐकवायचे. तिला, म्हणजे त्या आधीच्या मला, मी आता सांगते की मार खाल्लेल्या प्रत्येकाला हा आजार होत नाही. किती काळ चाललं, बाजूनं कुणी उभं राहिलं का, यानं फरक पडतो. ती म्हणते, मग चुलतभावाच्या बाजूनं कोण होतं? याचं उत्तर माझ्याकडे नाही.

उपचारांत सुरुवातीला भूतकाळ काढलाच नाही. झोप, श्वास, घाबरल्यावर पाय जमिनीवर टेकवून खोलीतल्या वस्तूंची नावं घेणं, एवढंच. मी चिडायचे, फी याचीच का? ही तयारी प्रत्येकाला इतकी लांबवावी लागत नाही, असं म्हणणारे तज्ज्ञही आहेत. मला लागली. न्हाणीघरातली ती संध्याकाळ बोलायला बसले, तेव्हा त्याच सवयीनं खुर्चीत टिकले. आठवण मनात धरून डोळ्यांनी डॉक्टरांच्या बोटांमागे जायचं, ही ईएमडीआरची पद्धत पुढे आली. फक्त या आजारासाठी म्हणून वेगळी गोळी नाही. मला चालू आहे ती उदासी आणि धास्तीसाठी.

स्वप्नं कमी झालीत. खाकरण्याचा आवाज अजून पाठीतून जातो. “माफ कर, म्हणजे सुटशील,” असं तुम्ही प्रेमानं सांगता, पण उपचारांत ती अट कुणी घातलेली नाही आणि मीही घालून घेणार नाही. यंदा दिवाळीला मिरजेला जाईन, दुपारची. फराळ घेईन, वडिलांचे गुडघे कसे आहेत ते विचारेन. रात्री राहणार नाही, आणि मुलीला यायचं की नाही ते ती ठरवेल.