नियम त्यांचा, सूर्य साताऱ्याचा

२० डिसेंबर, सातारा

परवा सूर्य दक्षिणेच्या टोकाला पोचतो. संक्रांतीचा तिळगूळ जानेवारीत वाटला जात असला, तरी आकाशातलं उत्तरायण २१-२२ डिसेंबरलाच सुरू होतं. सोलरग्राफी म्हणजे सुईएवढं भोक पाडलेल्या डब्यात फोटोचा कागद ठेवून त्यावर महिनोन्महिने सूर्याची वाट उमटवणं. ती करणाऱ्यांचं वर्षही तिथूनच धरलेलं बरं. डबा बांधायचा तर या दोन दिवसांत, म्हणून सगळं आजच उतरवून ठेवतो.

ज्या छायाचित्रावरून हे सगळं निघालं ते रेजिना वाल्कनबोर्ग यांचं. २०१२ साली त्या इंग्लंडमध्ये हर्टफर्डशर विद्यापीठात शिकत होत्या. विद्यापीठाच्या बेफर्डबरी वेधशाळेत एका दुर्बिणीच्या घुमटावर त्यांनी बिअरचा कॅन बांधला. कॅनला सुईएवढं भोक, आत फोटोचा कागद. भिंग नाही, शटर नाही. तो कॅन तिथेच विसरला गेला आणि सप्टेंबर २०२० मध्ये वेधशाळेतल्या तंत्रज्ञाच्या हाती लागला. ८ वर्षं १ महिना एकच एक्स्पोजर. कागदावर सूर्याच्या २,९५३ रेघा उमटल्या होत्या, एकीवर एक चढत गेलेल्या कमानी. त्याआधी तिथेच लावलेले त्यांचे काही कॅन दमटपणाने वाया गेले होते, कागद आत गुंडाळून गेले होते. हा तपशील मला त्या चित्राइतकाच मोलाचा वाटतो.

नवनवे छायाचित्रकार शोधत बसलं की नावांची यादी वाढते आणि हाती काही लागत नाही, असा अनुभव बहुतेकांचा असतो. माझं मत असं, की एका वेळी एकच काम घ्यावं आणि त्यामागचा नियम वेगळा काढावा. वाल्कनबोर्ग यांचा नियम एका ओळीत मावतो: एक भोक, एक कागद, हलवायचं नाही. मात्र त्यांचे आकडे जसेच्या तसे उचलले तर साताऱ्यात चित्र फसतं. कॅन दोन्हीकडे सारखाच. सूर्य सारखा नाही.

हिशोब असा. बेफर्डबरीत डिसेंबरात भर दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो, आणि जूनमध्ये ६२च्या आसपास. सातारा १७ अंश ४१ कला उत्तर अक्षांशावर. इथे वर्षातला सर्वांत बुटका दुपारचा सूर्यसुद्धा ४९ अंशांवर असतो. २१ मार्चला तो ७२ अंशांवर जातो, आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात थेट डोक्यावर. तोच आपला शून्य सावलीचा दिवस. आता ५०० मिलिलिटरचा कॅन घ्या, व्यास ६६ मिलिमीटर. आत ५ बाय ७ इंची कागद, म्हणजे उंची १२७ मिलिमीटर. भोक उंचीच्या बरोबर मध्यावर. कॅन सरळ उभा असेल तर त्याला वर ४४ अंशांपर्यंतच दिसतं. म्हणजे साताऱ्याची दुपार त्या कागदावर एकही दिवस पडणार नाही. बाजूंना सकाळ-संध्याकाळच्या रेघांचे दोन झुपके आणि मध्ये रिकामी जागा, एवढंच हाती येईल. मग लोक भोकाला नाहीतर कागदाला दोष देतात.

उपाय सोपा आहे. कॅन मागे झुकवायचा, भोकाचं तोंड ४० अंश वर येईल इतका. मग मधल्या रेषेत उणे ४ ते ८४ अंश एवढा पट्टा मिळतो. खाली क्षितिज आणि अजिंक्यतारा, वर २२ डिसेंबरपासून २० एप्रिलच्या सुमारापर्यंतचे सगळे मध्यान्हीचे सूर्य. त्यानंतर दुपारचा सूर्य कागदाच्या काठाबाहेर जातो. तेव्हाच डबा उतरवायचा, म्हणजे वळवाच्या मोठ्या सरींतूनही कागद सुटतो. झुकवल्यामुळे क्षितिज चित्रात वाकतं. ते वाकू द्यावं, नंतर संगणकावर सरळ करायला गेलं की कमानींचा आकार बिघडतो.

कोन मोजायला कंपासपेटीतला कोनमापक, दोरा आणि एक नट पुरे. दिशेसाठी मात्र मोबाइलवरच्या होकायंत्रावर भिस्त ठेवू नये. गच्चीच्या स्लॅबमधल्या सळया आणि पाण्याच्या टाकीचा लोखंडी स्टँड त्याला सहज फसवतात. त्याऐवजी ओळंबा टांगावा. सातारा ७४ पूर्व रेखांशावर आणि आपली घड्याळं साडेब्याऐंशीवर, म्हणजे ३४ मिनिटांचा फरक. या दिवसांत सूर्य घड्याळाच्या साधारण २ मिनिटं पुढे असतो. म्हणून १२ वाजून ३२ मिनिटांनी ओळंब्याची सावली अचूक उत्तर-दक्षिण पडते. त्या सावलीवर खडूने रेघ मारायची आणि भोक त्या रेघेवर दक्षिणेला वळवायचं. किल्ला गावाच्या दक्षिणेलाच उभा असल्यामुळे चौकटीत तो आपोआप येतो, वरच्या मनोऱ्यासकट.

कागदाबद्दल. दुकानात ‘फोटो पेपर’ मागितला की इंकजेटचा चकचकीत कागद मिळतो. तो इथे कुचकामी, कारण त्यात चांदीचे क्षार नसतात. चार महिने उन्हात ठेवला तरी त्यावर काहीच उमटणार नाही. हवा तो ब्लॅक अँड व्हाइटचा ब्रोमाइड, म्हणजे चांदीच्या क्षारांचा कागद. जुन्या स्टुडिओत विचारलं तर कपाटाच्या तळाशी न फोडलेलं पाकीट असू शकतं. मुदत संपलेली असली तरी बिघडत नाही, कारण हा कागद डेव्हलप करायचाच नसतो. सूर्यच थेट त्यावर छापतो. शक्यतो मॅट किंवा पर्ल घ्यावा. ग्लॉसीवरून उजेड उडून समोरच्या बाजूला भुताटकीसारखे डाग पडतात. कृष्णधवल कागदावर विटकरी, गुलाबी, निळसर छटा येतात, त्या चांदीच्या कणांच्या लहानमोठ्या आकारामुळे. कोणता कागद कोणता रंग देईल हे आधी सांगता येत नाही.

भोक ०.३५ मिलिमीटरचं हवं. कॅनच्या बाहेरच्या अंगाला, जिथे भोक पाडायचं तिथे, ६०० नंबरच्या पॉलिशपेपरने रंग घासून पत्रा उघडा करायचा. आतून जाड पुठ्ठ्याचा आधार द्यायचा. मग बारीक सुईचं फक्त टोक टेकवून गोल फिरवायचं. सुई आरपार घातली की काम संपलं, कारण सुईची जाडी अर्ध्या मिलिमीटरवर जाते आणि रेघा पसरट होतात. आतला कंगोरा पुन्हा हलकेच घासायचा. खात्री करायची तर एखाद्या जास्तीच्या पत्र्यावर तसंच भोक पाडून तो स्कॅनरवर १२०० डीपीआयला ठेवावा. भोक १६-१७ पिक्सेल रुंद दिसलं तर हात बसला समजा.

कॅनच्या आतला घेर सुमारे २०७ मिलिमीटर, कागद १७८. राहिलेली सुमारे ३ सेंटिमीटरची फट भोकापाशी आली पाहिजे. अंधारात कागद भरताना नेमकी इथेच चूक होते: कागद फिरतो, भोकावर येतो, आणि चार महिन्यांनी आतून पांढरा कोरा कागद निघतो. म्हणून भोकाच्या समोरच्या बाजूला आत दुहेरी चिकटपट्टीचा तुकडा आधीच लावून ठेवावा. कागद गुळगुळीत बाजू आत ठेवून त्यावर दाबायचा.

वरचं तोंड कापल्यावर झाकण म्हणून दुसऱ्या कॅनचा बूड चढवतात. साध्या इलेक्ट्रिकच्या काळ्या चिकटपट्टीचा गोंद एप्रिलच्या उन्हात पातळ होऊन सरकतो. डक्ट टेपचे दोन वेढे द्यावेत आणि वरून केबल टाय. बांधायचा तो गच्चीच्या कठड्याच्या लोखंडी पाइपला. प्लॅस्टिकच्या टाकीला नाही, टाकी रिकामी-भरलेली होताना हलते. बारीकशी हालचालही सगळ्या रेघा दुहेरी करते. चौकात, पुलावर, किल्ल्यावर किंवा कासला डबा बांधूच नये. टेप गुंडाळलेला डबा पाहून लोक घाबरतात, आणि ते घाबरले तर त्यांचं चूक नाही. घरच्या गच्चीवरसुद्धा कागद चिकटवून मोठ्या अक्षरांत लिहावं: ‘छायाचित्राचा प्रयोग, आत फक्त कागद’.

इंग्लंडात कॅनचा शत्रू दमटपणा. आपल्याकडे या चार महिन्यांत त्याहून मोठी शत्रू म्हणजे कुंभारीण माशी. तिला असलं भोक दिसलं की ती मातीने लिंपून टाकते. म्हणून पंधरा दिवसांनी एकदा, डब्याला हात न लावता, लांबून भोक पाहून यावं. माती दिसली तर ओल्या कापसाच्या बोळ्याने टिपावी. सुईने टोकरू नये, भोक मोठं होतं.

अजून एक फरक मनात धरला पाहिजे. युरोपातल्या सोलरग्राफमध्ये रेघा सुट्या दिसतात त्या बऱ्याचशा ढगांमुळे. साताऱ्यात डिसेंबर ते मार्च आभाळ स्वच्छ. सूर्याची रेघ कागदावर पाऊण ते एक मिलिमीटर रुंद पडते, आणि लागोपाठच्या दोन दिवसांत ती साधारण अर्धा मिलिमीटर सरकते. २२ डिसेंबरच्या आसपास तर दहा दिवसांत मिळून एवढी सरकत नाही. म्हणजे इथे सुट्या कमानींऐवजी सलग तेजस्वी पट्टा येणार. ज्यांना रेघा हव्यात त्यांनी भोकावर टेपचा तुकडा लावून आठवडाआड झाकावं. झाकताना डबा हलणार नाही एवढं पाहावं. मला स्वतःला सलग पट्टाच आवडेल. तीच साताऱ्याच्या हिवाळ्याची खरी नोंद आहे.

उतरवल्यावर कागद हायपोत (चित्र पक्कं करायच्या द्रावणात) घालायचा नाही. घातला तर चित्र फिकं होतं, आणि डेव्हलपरमध्ये तर सगळं काळं. अंधाऱ्या खोलीत काढायचा, स्कॅनरवर ठेवायचा आणि प्रीव्ह्यू न घेता रंगीत ६०० डीपीआयला एकदाच स्कॅन करायचा, कारण स्कॅनरचा दिवाही कागद काळवंडवतो. मग रंग उलटे करायचे, चित्र डावं-उजवं फिरवायचं. मूळ कागद काळ्या पाकिटात.

रात्री

बेर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन छायाचित्रकार जोडप्याचं कामही याच नजरेने, म्हणजे त्यामागचा नियम वेगळा काढून, पाहिलं पाहिजे. १९५९पासून त्यांनी पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, खाणींवरचे मनोरे टिपले. समोरून, सरळ, ढगाळ उजेडात, एकसारख्या चौकटीत. कराड-इस्लामपूर पट्ट्यातल्या गुऱ्हाळांच्या चिमण्यांना हा नियम नेमका लागू पडतो. अडचण उजेडाची: आपल्याकडे ढगाळ आभाळ पावसाळ्यात, आणि तेव्हा गुऱ्हाळं बंद. म्हणून हंगामात सूर्योदयाआधीची वीस मिनिटं घ्यावीत. चिमणी १० मीटरची असेल, तर दीडपट क्रॉप सेन्सरच्या (फुल-फ्रेमहून लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ३५ मिलिमीटरची लेन्स लावून, कॅमेरा दीड मीटरवर उभ्या चौकटीत आणि पूर्ण समतल ठेवून, २६ मीटर मागे जायचं. खालची अर्धी चौकट जमिनीने भरते, ती नंतर कापावी. जवळ जाऊन कॅमेरा वर केला की चिमणी मागे कलते आणि शेजारच्या चित्राशी तिची तुलनाच होत नाही.

गौरी गिल यांचं जव्हारचं काम वेगळ्या कारणासाठी जवळचं वाटतं. पालघर जिल्ह्यातल्या बोहाडा उत्सवाचे कागदी लगद्याचे मुखवटे करणारे कोकणा आणि वारली कलाकार त्यांनी २०१५पासून सोबत घेतले. देवादिकांऐवजी रोजच्या जगण्यातली माणसं, प्राणी, वस्तू यांचे मुखवटे करायला सांगितलं आणि गावातलीच माणसं ते घालून कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. इथे नियमाचा निम्मा भाग छायाचित्रकाराच्या हातात नाहीच, तो मुखवटा करणाऱ्यांच्या हातात आहे. अशा कामात श्रेय आणि मानधन आधी ठरवावं लागतं. ते ठरल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढू नये, असं मी ठामपणे म्हणेन.

आणि दयानिता सिंग. छायाचित्रणासाठीचा २०२२चा हॅसलब्लाड पुरस्कार त्यांना मिळाला. २००८ सालच्या ‘सेंट अ लेटर’मध्ये त्यांनी सात छोटी घडीची पुस्तकं एका कापडी पेटीत घातली. उलगडली की ती पुस्तकं टेबलावर उभी राहतात, जणू छोटं प्रदर्शन. हे साताऱ्यातल्या कुठल्याही डिजिटल प्रिंटच्या दुकानात जमण्यासारखं आहे. १२ बाय १८ इंची कागद, १३० जीएसएम मॅट. लांबीच्या दिशेने ३.८ इंच रुंदीच्या तीन पट्ट्या. प्रत्येक पट्टीवर २.८ इंचांची सहा पानं, आणि शेवटी चिकटवायला १ सेंटिमीटर. तीन पट्ट्या जोडल्या की १८ पानं होतात. घडी घालण्याआधी क्रीजिंग, म्हणजे घडीच्या रेषेवर दाबून खाच, करून घ्यायचं, नाहीतर घडीवर टोनर तडकून पांढरी रेघ दिसते. कागदाचा ग्रेन, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, घडीला समांतर हवा. तो ओळखायला कोपऱ्यातला तुकडा ओला करावा: ज्या अक्षाभोवती तो गोल वळतो, ती ग्रेनची दिशा.

उद्या १२:३२ला ओळंबा. खडू, कोनमापक, केबल टाय पिशवीत ठेवले. भोकावरचा टेप सगळं घट्ट बांधून झाल्यावर, अगदी शेवटी काढायचा.