नाथसागरातलं बेट आणि मामांच्या जुडग्यातलं कडं

पावसाळा सरून नाथसागराचं, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचं पाणी थांबलं की पाहुणे पक्षी उतरायला लागतात, आणि रिंगिंगची (पक्ष्यांच्या पायात नंबराचं कडं घालायची) परवानगी आलेली असली की मी कॉलेजातून सुट्टी टाकून नोंदी लिहायला टीमबरोबर जातोच (प्राणिशास्त्र शिकवतो, पण खरं शिकणं माझं तिकडंच होतं). यावेळी सोनेवाडीच्या बाजूनं अंधारातच होडी काढली. होडीवाले मामा इथलेच, लहानपणापासून मासेमारी करणारे.

बेट म्हणजे धरण व्हायच्या आधीची कुणाची तरी माळावरची शेती. 1976 ला धरण झालं, खालची गावं गेली, हे टेकाड तेवढं पाण्यावर राहिलंय, वर बेशरम माजलेली आणि कडेनं पाणकणीस. पिवळे धोबी (शेपटी हलवत फिरणारे छोटे पाहुणे पक्षी) रात्री त्यातच झोपतात म्हणून उजाडायच्या आत जाळ्या लावायच्या. नायलॉन इतकं बारीक की आपलाच हात अडकतो. फटफटलं तसा थवा उठला आणि पहिल्याच फेरीत कापडी पिशव्या भरल्या.

धोबी धरायची एक पद्धत आहे, मान दोन बोटांच्या मधे, पाठ तळव्यावर, दाबायचं अजिबात नाही. पंख पट्टीवर मोजायचा, पिशवीसकट वजन करून पिशवीचं वजा करायचं, मग गळ्याखालच्या पिसांवर हळूच फुंकर मारायची, खळगीत पिवळसर चरबी दिसते, तीच त्याच्या प्रवासाची शिदोरी. एकाच्या खळगीत काहीच नव्हतं, वजन 15 ग्रॅम, बिचारा आदल्या रात्रीच उतरला असावा. त्याला सगळ्यात आधी मोकळं केलं. रिंग अ‍ॅल्युमिनियमची, पक्कडीनं मिटवायची पण पायावर सैल फिरली पाहिजे.

मामा कधीचे बघत होते. म्हणाले, "सर, असलं कडं माझ्याकडं पण हाय." आणि कमरेचं किल्ल्यांचं जुडगं काढलं. त्यात रिंग! धोब्याच्या रिंगेपेक्षा बरीच मोठी, थोडी चेपलेली, घासून गुळगुळीत झालेली, पण नंबर वाचता येत होता आणि खाली मुंबईच्या बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी, पक्ष्यांचा अभ्यास करणारी संस्था) कळवा असं इंग्रजीत. टीममधले सगळे हातातलं काम टाकून गोळा झाले.

मामा एकदम गप्प. मग हळूच, "काही भानगड तर नाही ना व्हायची? आमी मारलं नाही, जाळ्यात मरूनच आलं होतं, मोठं बदकासारखं, डोक्यावर दोन काळे पट्टे." म्हणजे पट्टकादंब, रानहंसाचा एक प्रकार! उन्हाळ्यात तिबेट, मंगोलियाकडे वीण करणारा, हिमालय ओलांडून येणारा. इतकी वर्षं हा माणूस भीतीपोटी बोलला नव्हता, आणि आम्हीही कुणी विचारलं नव्हतं.

तारीख काढायला अर्धा तास गेला. वर्ष त्यांना आठवेना, पण धाकट्या लेकीचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं, आणि पक्षी संक्रांतीच्या मागंपुढं सापडला होता, तिथून मोजत मोजत आलो. जागा मात्र त्यांनी होडीतूनच बोट करून दाखवली. मी सगळं लिहून घेतलं, रिंगेचे चारी बाजूंनी फोटो काढले, आणि रिंग त्यांच्या जुडग्यात परत घातली, कारण कळवायचा असतो तो नंबर.

बीएनएचएस 1927 पासून रिंगा घालतंय, 1959 पासून पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी ते काम फार मोठं केलं, पण रिंग घातलेले बहुतेक पक्षी पुन्हा कुणाला दिसतच नाहीत. जे थोडे कळतात त्यातले कितीतरी मच्छीमार, शेतकरी, गुराखी यांच्याच हाती लागतात. त्यांना भ्या वाटत राहिलं तर आमच्या वह्या अर्ध्याच राहणार.

म्हणून पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासा, धरणाच्या काठावर कुठंही असाल तर एवढं कराच: मेलेल्या पक्ष्याच्या पायात कडं दिसलं तर नंबर, जागा, तारीख लिहा, फोटो काढा, बीएनएचएसला कळवा. जिवंत असेल तर कडं काढू नका, फोटो घ्या आणि सोडून द्या. मामांनी परत येताना काठावरच्या दोघांना हेच सांगितलं, त्यातला एक म्हणाला घरी पोराच्या करदोट्यात एक आहे, संध्याकाळी आणून दाखवतो.