चारमथची तिसरी फेरी: पिशवी हलकी, वही भरलेली

आधी एक मयत नोंदवतो. गेल्या वर्षी इंग्लंडमधल्या चारमथच्या किनाऱ्यावरून आणलेला माझा सगळ्यात देखणा अमोनाईट (माकुळाच्या नात्यातल्या, वेटोळ्या कवचाच्या प्राण्याचा जीवाश्म) गेला. तसा तो जाऊन साडेएकोणीस कोटी वर्षं झालीच होती, पण माझ्या घरात तो दुसऱ्यांदा गेला, आणि या वेळी भुकटी होऊन.

झालं असं. जुन्या चार आण्याएवढा, पायराईटचा, पितळेसारखा चमकणारा तुकडा मी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला होता. उन्हाळ्यात आई पुण्याहून आमच्याकडे रेडिंगला आली. तिने तो पाहिला, म्हणाली, "अरे, हे चक्र म्हणजे शाळिग्रामच की. इथे भांड्यांच्या साबणाशेजारी काय ठेवलाय?" आणि उचलून देव्हाऱ्यात नेला. मग रोज सकाळी स्नान, गंध, तुळशीचं पान. मीही काही बोललो नाही, कारण आईचं म्हणणं अर्ध्याहून जास्त खरंच होतं: नेपाळच्या काली गंडकी नदीतून येणारे शाळिग्राम अमोनाईटच असतात. ऑक्टोबरात एक दिवस ताम्हनात पांढरट-पिवळी पूड दिसली, काडेपेटीसारखा वास आला आणि तांब्यावर एक डाग पडला, तो अजून चिंचेने निघालेला नाही.

पायराईट म्हणजे लोखंड आणि गंधक. हवा आणि ओल मिळाली की ते गंजतं, त्यातून लोहाचं सल्फेट आणि गंधकाम्ल तयार होतं, आणि ते आम्ल उरलेला दगड आतून फोडत नेतं. आमचा खरा शाळिग्राम काळ्या टणक गोट्यातला, त्याला पिढ्यान्‌पिढ्या अंघोळ घालूनही काही झालेलं नाही. आई म्हणाली, "म्हणजे तुझ्या इंग्लंडच्या देवाला पाणी सोसत नाही." बरोबर निदान.

म्हणून या वेळी ठरवून गेलो होतो की पिशवी भरायची नाही. गेल्या वर्षी १४३ तुकडे आणले आणि त्यातल्या जेमतेम अकरांना नाव देता आलं. बाकीचे गॅरेजमध्ये बादलीत. ज्याचं निदान कुळ तरी सांगता येणार नाही ते उचलायचंच नाही, असा नियम केला. लेकीने तो पहिल्या वीस मिनिटांत मोडला, ते सोडा.

जे पहिल्यांदाच जाणार आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात: चारमथ हे डॉर्सेटमधलं छोटं गाव, लाईम रेजिसच्या पूर्वेला. एक्समथपासून स्टडलंडपर्यंतचा सुमारे १५५ किलोमीटरचा हा किनारा २००१ साली जागतिक वारसा ठरला. गावातून चार नावाची नदी समुद्राला मिळते. तिच्या पश्चिमेला ब्लॅक वेन हा कडा, पूर्वेला स्टोनबॅरो. दोन्ही कडे मऊ, काळपट चिखलखडकाचे, सतत ढासळणारे. म्हणूनच इथे सापडतं, आणि म्हणूनच इथे माणसं अडकतातही.

शनिवारी पोचलो. फेब्रुवारीची शाळेची सुट्टी मुद्दाम निवडली होती, कारण हिवाळी वादळं कडे धुऊन काढतात आणि उन्हाळ्यातली गर्दी नसते. पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली, म्हणजे उधाणाचे दिवस. या भागात उधाणाच्या दिवसांत ओहोटी साधारण दुपारी साडेबारा-एकला तळ गाठते. अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या दिवसांत पाणी तेवढं आत जात नाही आणि खालचा पट्टा उघडाच पडत नाही. आजोबा गुहागरला राहायचे, त्यांना उधाण आणि भांग तिथीवरून तोंडपाठ असायचं. मला मोबाईल लागतो. पाणी उतरत असताना, तळाच्या दोन तास आधी उतरायचं आणि पाणी फिरलं की परतायचं. चारमथ ते लाईम किनाऱ्याकिनाऱ्याने चालायचा मोह आवरा. मध्ये भरतीने गाठलं तर मागे फक्त चिखलाचा कडा असतो.

रविवार, ब्लॅक वेनखाली. दोन वर्षं मी इथे कड्याच्या पायथ्याशी माती उकरत बसलो होतो, ती चूकच. कड्यात खणायची परवानगी नाही, आणि गरजही नाही, कारण ते काम समुद्र करून देतो. आई सुपात तांदूळ घोळवते तेव्हा खडे जसे एका कडेला जमतात, तसं पाणी इथे जड पायराईट एका पट्ट्यात आणून टाकतं. मोठ्या गोट्यांच्या खाली, वाळू सुरू होण्याआधी, बारीक काळ्या खड्यांचे हातभर लांबीचे डाग दिसतात. त्या डागापाशी गुडघे टेकायचे आणि हलायचं नाही. आधी सगळं काळं दिसतं. पाच-सात मिनिटांनी डोळा बसतो, आणि मग त्या काळ्यात एकदम एक पितळी वळण दिसतं, तुमच्या बोटापासून दोन इंचांवर, इतका वेळ तिथेच असलेलं.

पहिला अमोनाईट सव्वा अकराला. करंगळीच्या नखाएवढा. दुपारपर्यंत सात, त्यातले चार अर्धवट. त्याशिवाय पायराईटच्या गाठी आणि नळ्या ढिगाने, त्या मात्र जिथल्या तिथे ठेवल्या. गेल्या वर्षी मी अशा चाळीस गाठी सोनं सापडल्यासारख्या घरी नेल्या होत्या.

ब्लॅक वेनच्या पायथ्याशी खिळे, बाटल्यांच्या काचा आणि गंजक्या पत्र्याचे तुकडेही बरेच मिळतात. लाईमच्या बाजूचा गावाचा जुना उकिरडा कड्यावर होता, तो घसरून किनाऱ्यावर येत राहतो. २००८ च्या मे महिन्यात तिथे सुमारे ४०० मीटरचा कडा एका झटक्यात खाली आला. लेकीने त्यातला गंजलेला बिजागरीचा तुकडा "डायनोसॉरचा जबडा" म्हणून खिशात टाकला होता.

हे ढासळणं गमतीचं नाही. लाईमच्या, जीवाश्म शोधणाऱ्या मेरी ॲनिंगने (१७९९–१८४७) याच कड्यांखाली आयुष्य काढलं. बारा-तेरा वर्षांची असताना भाऊ जोसेफसोबत इक्थियोसॉरचा (माशासारख्या दिसणाऱ्या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचा) सांगाडा, १८२३ मध्ये पूर्ण प्लेसिओसॉर (लांब मानेचा समुद्री सरपटणारा प्राणी), १८२८ मध्ये उडता सरडा. तिचा ट्रे नावाचा कुत्रा कायम सोबत असायचा. १८३३ साली दरड कोसळली आणि तिच्या डोळ्यांदेखत, काही पावलांवर, तो गाडला गेला. मी हे लेकीला सांगितलं तेव्हापासून ती कड्याकडे पाठ करून बसायला तयार होईना. मग आम्ही आणखी खाली, पाण्याकडे सरकलो. तेच योग्य होतं, मला आधी सुचायला हवं होतं.

सोमवार पावसात गेला. लाईमचं संग्रहालय ॲनिंगच्या घराच्या जागेवरच उभं आहे, ते पाहून घेतलं.

मंगळवारी नदीच्या पलीकडे, स्टोनबॅरोखाली. हा बेलेम्नाईटांचा इलाका. बेलेम्नाईट म्हणजे माकूळसारख्या प्राण्याचा आतला टणक दांडा, बंदुकीच्या गोळीसारखा टोकदार. तुटलेले तुकडे हुबेहूब पाटीवरच्या पेन्सिलीसारखे दिसतात. खात्री करायची तर तुटलेलं टोक ओलं करून भिंगातून बघा: मध्यबिंदूपासून कडेपर्यंत कॅल्साईटचे बारीक आरे निघालेले असतात, सायकलच्या चाकासारखे. आरे नसतील तर ती बहुधा गुळगुळीत झालेली काडी किंवा साधा गारगोटीचा तुकडा. तासाभरात मला साठेक मिळाले, चार ठेवले. त्यातल्या एकाच्या रुंद टोकाला शंकूसारखी पोकळी आहे, तिच्यात कप्प्याकप्प्यांचा भाग बसलेला असायचा.

इथेच माझी दरवर्षीची फजिती झाली. तंतू-तंतू दिसणारा, तपकिरी, हाडासारखा लांबट तुकडा. या वेळी नक्की बरगडी, असं मी बायकोला दोनदा सांगितलं. किनाऱ्यावरच्या माहिती केंद्रात (जुन्या सिमेंट कारखान्याची इमारत, खाली पुळणीला लागूनच) टेबलाशी बसलेल्या बाईंनी एका नजरेत सांगितलं: कॅल्साईट. खडकाच्या फटीत उभे तंतू वाढून तयार झालेला थर. जुन्या खाणकामगारांना तो मांसाच्या धाग्यांसारखा दिसला, म्हणून त्याचं नावच 'बीफ' पडलंय आणि शास्त्रज्ञांनीही ते तसंच चालू ठेवलंय. हे नाव मी आईला सांगितलेलं नाही.

पण त्याच टेबलावर दुसऱ्या एका कुटुंबाने आणलेला इक्थियोसॉरचा मणका होता, आणि तो मला हातात घेऊन बघता आला. कॅरमच्या सोंगटीसारखा गोल, दोन्ही बाजूंनी बशीसारखा खोलगट. भिंग लावलं की कडेला बारीक जाळी दिसते, पावाच्या आतल्यासारखी. हाड ओळखायची हीच खूण. 'बीफ'मध्ये धागे असतात, भोकं नसतात. तीन वर्षांत मला एकही मणका मिळालेला नाही, पण समोर आला तर आता सोडणार नाही. एवढी एक गोष्ट घेऊन आलो असतो तरी सहल वसूल होती. बाईंनी हेही बजावलं की मोठं किंवा दुर्मीळ काही मिळालं, जोडलेली हाडं वगैरे, तर इथे नोंद करायची. पश्चिम डॉर्सेटच्या किनाऱ्यावर तसा संकेत आहे.

आता मुख्य गोष्ट, अमोनाईट ओळखणं. मी आतापर्यंत समोरून बघायचो. गोल, वेटोळं, बरगड्या, झालं. सगळे सारखेच दिसायचे. चूक तिथेच होती. अमोनाईट हातात घेतला की आधी फिरवून त्याची पाठ बघायची, म्हणजे वेढ्याची बाहेरची कडा. मंगळवारी संध्याकाळी भाड्याच्या घराच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून दिव्याखाली सगळे पालथे केले, आणि एका तासात त्यांचे आपोआप गट पडले.

सहांच्या पाठीवर उभी धार नाही. बरगड्या साध्या, सुट्या, आणि पाठीवरून जाताना चपट्या व रुंद होतात, जणू कोणी अंगठ्याने दाबल्यात. हा प्रोमायक्रोसेरास, चारमथचा सगळ्यात सामान्य. एकाच्या पाठीवर मधोमध ठळक धार आणि तिच्या दोन्ही अंगांना पन्हळ, बरगड्या जाड: ॲस्टेरोसेरास, आणि तोही राखाडी चुनखडीत, पायराईटचा नाही. तिसऱ्या गटात एकच, तोही अर्धा. वेढे खूप, एकमेकांवर न चढणारे, दोरीच्या गुंडाळीसारखे, बरगड्या दूर दूर. एकियोसेरास असावा. वहीत प्रश्नचिन्हासह लिहिलाय. दुसरी खूण बेंबीची: मधला खळगा मोठा आणि आतले वेढे उघडे दिसतात, की शेवटचा वेढा सगळ्यांना पोटात घेऊन बसलाय. ही दोन निरीक्षणं, पाठ आणि बेंबी, केली की पुस्तकातली पन्नास चित्रं पाचावर येतात.

एका प्रोमायक्रोसेरासचं कवच झिजलंय आणि आतल्या कप्प्यांच्या भिंती जिथे कवचाला मिळायच्या तिथली नागमोडी रेघ उघडी पडलीय. नऊवारीच्या काठावरच्या वेलबुट्टीसारखी, आणि प्रत्येक कप्प्याला तीच पुन्हा. लेक भिंगातून दहा मिनिटं बघत होती. तिच्या वयाच्या मुलाने कुठल्याही गोष्टीकडे दहा मिनिटं बघणं हीच एक दुर्मीळ नोंद.

जपणुकीत बदल: पायराईटवाले गोड्या पाण्यात खळखळून धुतले, जुन्या दातघाशाने घासले, दोन दिवस बॉयलरशेजारच्या कपाटात खडखडीत वाळवले. मग ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉईडचा (पारदर्शक राळेचा) पातळ हात. ओल राहिलेल्यावर लेप दिला तर ओल आतच कोंडते, त्यामुळे घाई नाही. शेवटी बुटांच्या खोक्यांत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात. डब्यावर मराठीत लिहिलंय: स्नान नको.

एकूण हिशोब: ३१ तुकडे आणले, त्यातल्या १९ ना नाव, ५ प्रश्नचिन्हासह. बाकी ७ लेकीचे, ते माझ्या अखत्यारीत नाहीत.

जाता जाता, कोकणातल्या वाचणाऱ्यांनी लगेच पिशव्या घेऊन धावू नये. आपला किनारा बेसाल्ट आणि जांभ्याचा. लाव्हारसाच्या कातळात असली शिंपली मिळत नाहीत. पण एक गोष्ट परतताना गाडीत डोक्यात घोळत राहिली. सह्याद्रीचा लाव्हा वाहत होता सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आणि जगातले शेवटचे अमोनाईट संपले तेही त्याच सुमारास. माझ्या टेबलावरचे सहा जण सह्याद्रीहून तेरा कोटी वर्षांनी थोरले.

घरी आल्यावर आईला व्हिडिओ कॉल केला आणि पाठ बघायची युक्ती सांगितली. ती लगेच उठली, सोवळं-ओवळं बघून देवघरातला शाळिग्राम घेऊन आली आणि चष्म्यावर बाबांचं जुनं भिंग धरून बसली. फोन तिरका, मला फक्त तिचा कान आणि समईचा दांडा दिसत होता. बऱ्याच वेळाने म्हणाली, "धार-बिर काही नाही. पण बरगड्या आहेत, आणि बाहेर जाताना एकीच्या दोन होतात. तुझ्यात होतात का तशा?"

नाही. माझ्यातल्या एकाच्याही होत नाहीत. "मग हा तुझ्यातला नव्हे," म्हणाली, आणि त्याला पुन्हा अंघोळ घालायला घेऊन गेली, कारण मी बाहेरच्या हाताने फोनवर का होईना, बघितलं होतं.