फोल्डिंग सायकलवर मांडवा–मुरूड करताय? केबल टायच्या भरवशावर बाटली बांधू नका

‘दोन केबल टाय मारा, बाटली कुठं जात नाही,’ म्हणत दुकानदाराने बॉटल केज, म्हणजे बाटली अडकवायचा पिंजरा, गळ्यात मारला. माझ्या वीस इंची फोल्डिंगला केजसाठी भोकंच नाहीत, म्हणून तो हँडलपोस्टला, म्हणजे हँडलखालच्या उभ्या नळीला बांधला. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडवा, मग अलिबाग, चौल, रेवदंडा. तिथवर सगळं सुरळीत.

कुंडलिकेचा पूल ओलांडून साळाव आलं आणि उखडलेला रस्ता सुरू झाला. लहान चाक खड्ड्यात खोल जातं. मोठ्या सायकलला जो नुसता हादरा, तो इथे सरळ दणका. गुळगुळीत नळीवर नायलॉनचा टाय धरतच नाही. केज आधी खाली सरकला, मग गर्रकन फिरून ब्रेकच्या केबलला टेकला. कोर्लईच्या पुढे बाटली उडाली ती थेट मागच्या टेम्पोखाली. तिथून काशीदपर्यंत चढउतार, डोक्यावर ऊन आणि घोटभर पाणी नाही.

काशीदला टपरीवाल्याने वीस रुपये छापलेल्या बाटलीचे तीस घेतले, वर म्हणे ‘थंड करायचे पैसे लागतात’. दिले. भांडायलाही घशात ओल लागते.

बरं, ती बाटली केजमध्ये जाईना! केज साधारण ७३ मिमी व्यासाच्या सायकलच्या बाटलीसाठी असतो. विकतची लिटरची त्यात शिरत नाही आणि अर्ध्या लिटरची उडून जाते. सायकलची बाटलीच घ्या.

मुरूडला अखेर जमलं ते असं. पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबचा तुकडा घेऊन पोस्टला घट्ट गुंडाळला, त्यावर केज ठेवला आणि वर-खाली दोन स्टीलच्या होज क्लिपा (स्क्रूने आवळायच्या गोल पट्ट्या) आवळल्या. गॅसच्या नळीची क्लिप इथे लहान पडते, त्यामुळे पोस्टचा घेर दोऱ्याने मोजूनच दुकानात जा. क्लिपचा स्क्रू गुडघ्याला लागणार नाही अशा बाजूला वळवा. आणि पूर्ण आवळण्याआधी सायकल एकदा घडी करून बघा: केज चाकाला किंवा फ्रेमला अडत असेल तर तेव्हाच सरकवता येतो.

सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या नळीवर लावायचा सल्ला ऐकू नका. सीट खाली जात नाही, मग घडी कसली घालणार? फ्रेमला भोक पाडून देतो म्हणणारेही भेटतील. त्यांना हातसुद्धा लावू देऊ नका, फ्रेम तिथूनच तडकू शकते.

पाऊण लिटरच्या वर बाटली नको. लिटरभर पाणी म्हणजे हँडलवर किलोभर ओझं, आणि फोल्डिंगचं हँडल आधीच चंचल. जास्तीचं पाणी पाठीवरच्या सॅकमध्ये.

मुरूड ते आगरदांडा मजेत गेलं, तिथून फेरीबोटीने दिघी. केज जागचा हलला नाही. साळाव–काशीदचा तुकडा मात्र सकाळी नऊच्या आत काढा, आणि पाणी रेवदंड्यातच भरून घ्या.