तुम्ही विचारलंत म्हणून: वाघिणीतला कोळसा

तळघरातला माझा मॉडेल रेल्वेचा लेआउट बघायला आलेला माणूस आधी इंजिन बघतो, मग हॉपरांच्या, म्हणजे कोळसा वाहणाऱ्या उघड्या वाघिणींच्या (मालडब्यांच्या), रांगेवर वाकतो आणि विचारतो, "हा कोळसा कुठून आणता हो?" चंद्रपूरचे नातेवाईक असले की पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: "आधी सांगायचं ना, पोतंभर आणला असता!"

एका वाक्यातलं उत्तर असं: इथे अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या हार्डवेअरच्या दुकानातून. पण जो स्वतःच्या गाड्या भरायला बसलाय, त्याला या उत्तराचा फारसा उपयोग नाही. काळं आणि खडबडीत काहीतरी मिळवणं सोपं आहे. आपल्या वाघिणीत कुठल्या खाणीचा आणि कुठल्या सालचा कोळसा आहे, हे आधी ठरवावं लागतं, आणि बहुतेक जण नेमकं तेच ठरवत नाहीत.

माझ्याकडे १९५५ च्या आसपासची नॉरफोक अँड वेस्टर्न ही अमेरिकन रेल्वे कंपनी धावते. वेस्ट व्हर्जिनियाच्या पोकाहॉन्टस खाणपट्ट्यातला कोळसा पूर्वेला नॉरफोकच्या बंदरात नेणं हा तिचा मुख्य धंदा. कोळशावर जगणारी कंपनी कोळशाचं इंजिन लवकर सोडेल कशी? रोअनोकच्या स्वतःच्या कारखान्यात ती १९५३ पर्यंत वाफेची इंजिनं बांधत होती आणि १९६० पर्यंत ही इंजिनं तिच्या रुळांवर धावली. त्या काळी बरीच घरं, शाळा, दुकानं कोळशावरच ऊब घेत. प्रत्येक भट्टीला वेगळ्या मापाचा कोळसा लागे. म्हणून खाणीवरच्या टिपल नावाच्या इमारतीत कोळसा चाळून खालच्या वेगवेगळ्या रुळांवर वेगवेगळ्या मापाचा भरला जाई. एका वाघिणीत मोठी ढेकळं, दुसरीत मध्यम, तिसरीत नुसती चुरी. त्या काळची मालगाडी करायची आणि साऱ्या वाघिणींत एकाच मापाचे दाणे टाकायचे, हे मला पटत नाही. आजच्या वीजकेंद्राच्या गाडीत मात्र तसंच असतं, कारण तिथे एकाच खाणीचा, एकाच मापाला फोडलेला माल शंभराहून जास्त डब्यांत भरलेला असतो.

आता माप. माझं प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. सहा इंची ढेकूळ या प्रमाणात पावणेदोन मिलिमीटरचं होतं आणि दोन इंची तुकडा अर्ध्या मिलिमीटरच्या थोडा वर. कागदावर हा हिशेब मांडला की दुकानातल्या 'कोळसा' लिहिलेल्या निम्म्या पिशव्या आपोआप बाद होतात. माझ्या वहिनीनं कलौंजी सुचवली होती. सूचना वाटते तितकी वेडगळ नाही. काळी आहे, कोनेदार आहे, मोहरीसारखी गोल नाही. पण अडीच मिलिमीटरचा दाणा म्हणजे बावीस सेंटिमीटरचं ढेकूळ झालं, आणि वर किडे लागणार ते वेगळंच. वाळवलेला चहाचा चोथा हीसुद्धा नेहमीची सूचना. तो दिव्याखाली तपकिरी दिसतो, दमट तळघरात त्याला बुरशी येते. नको.

रेझिनचे तयार ढीग मिळतात, वाईट नसतात. पण ते एका ठरावीक कंपनीच्या ठरावीक हॉपरसाठीच घडवलेले असतात आणि एका साच्यातून निघाल्यामुळे सगळ्या वाघिणींवर तेच उंचवटे, त्याच जागी. दोनचार डब्यांपुरतं ठीक. लांब गाडीत डोळ्याला लगेच कळतं.

म्हणून खरा कोळसाच. इथे शुद्धतावादी मंडळी मला पकडतात, कारण पोकाहॉन्टसचा कोळसा बिटुमिनस, म्हणजे मऊ जातीचा, आणि मी वापरतो पेनसिल्व्हेनियाचा अँथ्रासाइट, म्हणजे कठीण जातीचा. कारण साधं आहे. पोकाहॉन्टसचा कोळसा मुळात ठिसूळ. हातोडी लावली की दाण्यांपेक्षा भुकटीच जास्त, आणि ती बोटांना, डब्याच्या कडांना, पाहुण्यांच्या शर्टाला लागते. अँथ्रासाइट कठीण असतो, स्वच्छ तुटतो, दाण्याला धार येते. फक्त चकाकतो जास्त. त्यावर मॅट वार्निशचा हलका फवारा मारला की एलईडीखालची लुकलुक जाते. पेनसिल्व्हेनियात अजूनही घर तापवण्यासाठी तो चाळीस पौंडांच्या पिशवीत मिळतो. त्यातलं 'राइस' नावाचं बारीक माप घेतलं तरी दाणा पाच ते आठ मिलिमीटरचा, म्हणजे आपल्या हिशेबात अर्ध्या मीटरचा धोंडा. फोडावा लागतोच. जाड पिशवीत घालून, अंगणात, तोंडाला मास्क लावून. मग रव्याची चाळणी, मैद्याची चाळणी, चहाची गाळणी अशा क्रमानं वेगळा करायचा आणि धुऊन वाळवायचा. या चाळण्या स्वयंपाकघरात परत जात नाहीत, नव्या आणाव्यात.

डब्यात थेट कोळसा ओतू नका. वजन हे एक कारण. इथल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची शिफारस आहे: डब्याला मूळ एक औंस आणि लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. पाच इंची हॉपरला साडेतीन औंस, म्हणजे शंभर ग्रॅमच्या आत. भरीव ढीग घातला की हे गणित बिघडतं आणि चढावर इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरतात. दुसरं कारण, ढीग काढता आला पाहिजे. म्हणून आत पॅकिंगच्या फोमचा तुकडा कोरून बसवायचा, तो आधी काळा रंगवायचा आणि वर फक्त कोळशाचा थर द्यायचा. हॉपरमध्ये पातळ प्लास्टिकची फिल्म अंथरून हे सगळं तिच्यावर केलं की ढीग डब्याच्या मापाचा होतो आणि चिकटतही नाही. दाण्यांवर आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फवारा, मग निम्मं पाणी घातलेला पांढरा गोंद, त्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब. अल्कोहोलशिवाय गोंद वरच मण्यासारखा थांबतो आणि दाणे वाहून नेतो. फोममध्ये लोखंडी वॉशर लपवला असेल तर चुंबकानं ढीग अलगद उचलता येतो.

आकाराबद्दल मात्र कोणी विचारत नाही, आणि मला सगळ्यात जास्त तेच सांगायचं असतं. टिपलखाली वाघीण उतारावरून ब्रेकवर थोडी थोडी सरकवत भरत, त्यामुळे ढिगाला तीनचार उंचवटे येत. पुढे सायलो, म्हणजे कोळसा साठवायच्या उंच टाक्या, आले. गाडी त्यांच्याखालून न थांबता रांगत जाते आणि माल सलग पडतो. २००५ च्या मे महिन्यात वायोमिंगच्या पावडर रिव्हर खोऱ्यातल्या मार्गावर लागोपाठ दोन गाड्या रुळांवरून घसरल्या. डब्यांतून उडालेली कोळशाची धूळ खडीत साचून पाण्याचा निचरा तुंबणं हे त्यामागचं एक कारण. त्यानंतर रेल्वे कंपन्यांनी ढिगाचाच आकार बांधून दिला: कडा उतरत्या, माथा गोलसर, पावाच्या लादीसारखा. बीएनएसएफ या रेल्वे कंपनीनं २०११ पासून वरून धूळ बसवणारं द्रव्य फवारण्याचाही नियम केला. तेव्हा तुमची गाडी आजची वायोमिंगची असेल आणि तिच्यावर टोकदार उंचवटे असतील, तर जाणकार हसेल. उलट माझ्या १९५५ च्या डब्यांवर गुळगुळीत लादी चालणार नाही. चंद्रपूरकडच्या बॉक्सएन या उघड्या वाघिणींचं मॉडेल करणाऱ्यांनी पे-लोडरनं भरलेला वेडावाकडा, मोठ्या ढेकळांचा माल करावा. तिथे चहाच्या गाळणीपर्यंत जायची गरजच नाही.

एक हिशेब शेवटी करा. भरलेल्या वाघिणी माझ्याकडे पूर्वेला जातात, रिकाम्या पश्चिमेला परततात, म्हणून एकूण हॉपरांच्या निम्मेच ढीग पुरतात. एका ढिगाला जेमतेम दहा ग्रॅम कोळसा लागतो आणि पिशवी अठरा किलोची. माझ्या गॅरेजमध्ये ती जवळजवळ भरलेलीच पडून आहे. कोणाला हवा असेल तर डबा घेऊन या. चाळणी मात्र तुमची तुम्ही आणा.